पणजोबांच्या पलीकडे

श्राद्धाच्या दिवशी यजमान तीन पिढ्यांची नावे उच्चारतो. पिता, पितामह आणि प्रपितामह. त्यांच्या ठायी अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांची रूपे कल्पिलेली असतात. त्यांच्या स्त्रियांची नावे घेतली जातात, आणि आईच्या माहेरच्या तीन पुरुषांनाही त्या दिवशी पाणी मिळते. शास्त्रकारांनी ही मर्यादा कोणत्या विचाराने घातली असेल ती असो. माणसाच्या स्मरणशक्तीविषयी त्यांचा अंदाज मोठा अचूक होता, एवढे मात्र म्हणावे लागते. ज्यांच्या घरी श्राद्ध-तर्पणाची चाल नाही, त्यांच्याही स्मरणाची धाव साधारण तेवढीच असते. आजोबा डोळ्यांनी पाहिलेले असतात, पणजोबांचे नाव ऐकलेले असते. त्यांच्या वडिलांचे नाव विचारले, की बहुतेक जण आढ्याकडे पाहू लागतात. श्रोतेहो, या चौथ्या पिढीपर्यंत सामान्य माणसाला कसे पोहोचता येईल, याविषयी मला आज बोलावयाचे आहे.

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्या मनाची ओढ एकदम मूळपुरुषाकडे जाते. तो कोणी पराक्रमी पुरुष असावा, त्याने एखाद्या स्वारीत तलवार गाजवलेली असावी, निदान त्याला कोणा छत्रपतींनी एखादे गाव इनाम दिलेले असावे, अशी आपली मनोमन इच्छा असते. मग त्या पुरुषापासून आपल्यापर्यंत खाली उतरणारी शिडी आपण कल्पनेनेच बांधून टाकतो. ज्यांना खरोखरीच तसे पूर्वज लाभले, त्यांची गोष्ट निराळी. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या मंदिरात भिंतीवर कोरवून घेतला. तमिळ देशातील त्या चोळांच्या देवालयात मराठीच्या ओळींमागून ओळी पाहिल्या म्हणजे महाराष्ट्रातून गेलेला प्रवासी थक्क होतो. राजांना भिंती मिळतात. तुम्हाआम्हाला मिळतो तो तलाठ्याच्या दप्तरातला उतारा. परंतु महसुली दप्तराशी वर्षानुवर्षे संबंध आलेला सरकारी नोकर या नात्याने मी सांगू शकतो, की साक्षीदार म्हणून तो उताराच अधिक विश्वासू असतो. कारण तो कोणाची थोरवी सांगण्यासाठी लिहिलेला नसतो. सारा कोणाकडून घ्यावयाचा, एवढ्याचसाठी तो लिहिलेला असतो.

म्हणून या शोधाची वाट वरून खाली न येता खालून वर जाते. स्वतःपासून आरंभ करावा, वडिलांकडे जावे, तेथून आजोबांकडे. आणि प्रत्येक दुवा कशाने तरी सिद्ध झाल्यावाचून पुढच्या पायरीवर पाऊल ठेवू नये. पहिली साधने घरातच असतात. जुन्या लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, जन्मपत्रिका, गहाणखते, पोथीच्या शेवटच्या पानावर कोणी टाकलेली जन्मतिथीची नोंद, पितळी भांड्यांवर कोरलेली नावे. या भांड्यांना मी विशेष मानतो. लग्नात आहेर म्हणून आलेल्या घागरीवर देणाऱ्याचे नाव असते, आणि कित्येकदा ज्या शाखेशी आपला संबंध केव्हाच तुटला तिचा पत्ता त्या घागरीवरच सापडतो.

पण कागदाभांड्यांच्याही आधी गाठावयाची ती घरातली सर्वांत वृद्ध स्त्री. पुरुषांना जमिनीचे वाद आठवतात, स्त्रियांना माणसे आठवतात. मात्र तिला ‘आपले पूर्वज कोण?’ असा प्रश्न टाकला, तर ती गप्प बसेल. तिला विचारावे, की सासरी आल्यावर तुम्ही सुतक कोणाकोणाचे पाळीत होता? दहा दिवसांचे कोणाचे आणि तीन दिवसांचे कोणाचे? हा प्रश्न वरवर पाहता ओवळ्या-सोवळ्याचा वाटतो, पण त्यात सबंध भाऊबंदकीचा नकाशा दडलेला आहे. ज्यांचे दहा दिवस धरले जात ते सात पिढ्यांच्या आतले सपिंड. तीन दिवस ज्यांचे, ते त्यापलीकडचे. ‘वरच्या आळीतल्यांचे तीन दिवस असायचे,’ असे ती म्हणाली की त्या घराशी आपला संबंध किती दुरून जुळतो, ते एका वाक्यात कळते. पुढे विचारावे, की कोणत्या घरी मुली दिल्या आणि कोणत्या घरच्या आणल्या, लग्नात देवक कोणते पूजले जाई, कुलदैवताला कोणत्या गावी जात. उत्तरे तिच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. त्यांत विसंगती दिसल्या तर तिला दुरुस्त करू नये. कागद हाती आल्यावर त्यांचा निवाडा होतो.

येथे नावांची एक अडचण उभी राहते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल फार जुनी. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा नातू बाळाजी बाजीराव, आणि थोरल्या बाजीरावांचा नातू दुसरा बाजीराव. पेशव्यांच्या घरी हा घोटाळा होत नाही, कारण त्यांची चरित्रे लिहिली गेली. सामान्य घरात मात्र गोविंद रामचंद्र आणि रामचंद्र गोविंद हे एकाआड एक येत राहतात, आणि दोन पिढ्या सहज एकमेकींत मिसळून जातात. सनावळी पाहिल्यावाचून केवळ नावावरून माणूस ओळखू नये, हे पथ्य म्हणूनच कडकपणे पाळावे लागते.

आडनावांविषयी तर आपल्या लोकांत पुष्कळ भाबडेपणा आहे. आडनाव हे अनादिकालापासून चालत आले, असे आपण धरून चालतो. पेशवाईतील कागद पाहिले तर माणूस स्वतःचे नाव सांगतो, वडिलांचे सांगतो आणि फार तर गाव व हुद्दा सांगतो. पेशवे मूळचे श्रीवर्धनचे भट. पण त्या आडनावाने त्यांना आज कोण ओळखतो? नाना फडणीस हे भानू. होळकरांचे आडनाव नीरेकाठच्या होळ या गावावरून आले. कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, पोतनीस हे मुळात हुद्दे होत. एका गावचे कुलकर्णी आणि दुसऱ्या गावचे कुलकर्णी यांचा रक्ताचा संबंध असेलच असे नाही. इंग्रजी अमदानीत शाळेच्या आणि कचेरीच्या पटावर आडनाव लिहिण्याची सक्ती आल्यावर ती पक्की झाली, आणि त्या वेळी दोन सख्ख्या भावांपैकी एकाने गावाचे नाव सांगितले, दुसऱ्याने हुद्द्याचे. त्यांचे वंशज आज एकमेकांना परके समजतात. आडनावावरून गावाचा तर्क करता येतो. पण तर्क तो तर्कच.

कुलदैवताची खूण त्या मानाने अधिक टिकाऊ. घर बदलते, भाषाही बदलते, पण देव सहसा बदलत नाही. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली सारस्वत घराणी आजही मंगेशीला, म्हार्दोळला, कवळ्याला नवस फेडावयास येतात. यांतही गंमत अशी, की ते देव स्वतःच स्थलांतर केलेले आहेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळे पाडावयास आरंभ केला, तेव्हा मंगेशाला कुठ्ठाळीहून, म्हाळसेला वेर्ण्याहून आणि शांतादुर्गेला केळशीहून हलवावे लागले. तेव्हा मंगेशी हे आपले मूळ गाव, असे म्हणणाऱ्याने आणखी एक पाऊल मागे जाऊन कुठ्ठाळीकडे पाहिले पाहिजे.

आता सरकारी कागदांकडे वळू. १८३६ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी मोजणी आणि जमाबंदी सुरू केली, आणि तेथून मुंबई इलाख्यात शेतकऱ्याचे नाव शेताच्या नंबराला जोडले जाऊ लागले. १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला. तेव्हापासून जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली, की फेरफाराच्या वहीत नोंद पडते. सातबाराचा उतारा सर्वांना ठाऊक असतो. वंशाच्या शोधात मात्र फेरफाराची किंमत त्याहून कितीतरी अधिक. अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा अमुक, पैकी एक मुलगा अज्ञान, अशी सबंध कुटुंबाची तसबीर त्या पाचसहा ओळींत सापडते. कोणी दत्तक गेला असेल तर तेही तेथेच उमगते. त्याच्या जोडीला कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही. ही वही चाळताना मन घट्ट करावे लागते. १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पाने काढली, तर एन्फ्लुएंझाच्या त्या साथीत एकाच घरातील चार-चार नावे आठ दिवसांच्या आत आलेली दिसतात. ज्या आजोबांविषयी घरात एवढेच सांगत, की ते मामाच्या घरी वाढले, त्यांचे आईवडील येथे भेटतात.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ जबलपूरला असतात. पाच पिढ्या तिकडे गेलेल्या. आपला पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या फौजेबरोबर आला आणि तिकडेच राहिला, असा त्यांच्या घरचा समज. आडनावातले गाव सोलापूर जिल्ह्यात निघाले. तेथे त्यांच्या हाती लागला तो १८७७ मधला एक राजीनामा. हा शब्द आज आपण मंत्र्यांच्या बातम्यांतच वाचतो; पण त्या काळी सारा देणे अशक्य झालेला शेतकरी आपली जमीन सरकारला सोडून देई, त्या कागदाचे नाव राजीनामा. १८७६ ते ७८ हा दख्खनच्या महादुष्काळाचा काळ. १८७० सालीच मुंबईचा लोहमार्ग जबलपूरपर्यंत पोहोचला होता. पूर्वज घोड्यावरून गेला नव्हता. उपाशी पोटी, बहुधा रेल्वेच्या कामाच्या शोधात गेला होता. ‘बहुधा’ हा शब्द माझा, कारण जमीन सुटल्याचे कागद सांगतो, पुढचे सांगत नाही. ते गृहस्थ थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी राजीनाम्याची नक्कल मागितली, आणि शेतांचे नंबर उतरवून घेऊन ती जमीन पाहावयास गेले.

जुन्या कागदांत शिरावयाचे तर मोडी लिपी आली पाहिजे. हिचा बाऊ करू नये. देवनागरी येणाऱ्याला चार-सहा महिन्यांच्या सरावाने ती वाचता येऊ लागते. ओळीची शिरोरेषा आधी ओढून हात न उचलता लिहिण्यासाठी ही लिपी घडली. तीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत आणि शब्दाशब्दांत अंतरही नाही. त्यामुळे ठाऊक नसलेले विशेषनाम लावणे हीच तीतली खरी कसोटी. त्यातून कालगणनेचे त्रांगडे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षअखेरीच्या महिन्यांना ७९. दख्खनी फसलीत ५९०. पेशवाईत सरकारी लिखाणात सुहूर सन चाले, तो मृग नक्षत्रावर बदले आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. ‘सीत तिसैन मया अलफ’ म्हणजे सहा, नव्वद, शंभर आणि हजार, एकूण ११९६. त्यात ५९९ मिळवले, म्हणजे १७९५ च्या पावसाळ्यापासूनचे वर्ष. एकदा ही किल्ली हाती आली, की पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आपल्याला सर्वस्वी परके राहत नाही. तेथे इनाम कमिशनचे कागदही आहेत. १८५२ च्या कायद्याने इनामदारांना आपला हक्क सिद्ध करणे भाग पडले, तेव्हा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या हकीकती लिहून दिल्या. मराठवाड्याचे कागद निजामी अमलामुळे उर्दूत सापडतात. त्यांसाठी निराळी मदत घ्यावी लागते.

महाराष्ट्राबाहेर असलेल्या श्रोत्यांना आणखी एक साधन जवळ आहे, ते म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार येथे उपाध्यायांनी यजमानांची नावे गावांप्रमाणे आणि कुळांप्रमाणे ठेवलेली असतात. कोण आला, बरोबर कोण होते, कोणाच्या अस्थी आणल्या, हे यात्रेकरू स्वतःच्या हाताने लिहून सही करतो. खापरपणजोबांचे अक्षर पाहावयास मिळण्याचे हे जवळजवळ एकच ठिकाण. हरिद्वारच्या वह्यांची छायाचित्रे अमेरिकेतील एका वंशशोधक संस्थेने काढून नेली. आपण मात्र त्या वह्यांकडे दक्षिणेपुरतेच पाहतो.

आतापर्यंत जे सांगितले ते ज्यांच्याकडे जमीन होती, वतन होते किंवा तीर्थाला जाण्याची ऐपत होती, त्यांच्या कामाचे. बाकीच्यांचे काय? त्यांची नावे दप्तरात आली ती पुष्कळदा दुसऱ्याच्या गरजेपोटी. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावच्या लढाईत पडलेल्यांची नावे इंग्रजांनी तेथील स्तंभावर कोरली. त्यांत ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी जी नावे आहेत, ती महार शिपायांची. १८३४ नंतर मुंबई बंदरातून मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या कोकण-देशावरच्या माणसांची नावे, बापाचे नाव, जात, गाव, जहाज, हे सारे मळेवाल्यांच्या सोयीसाठी नोंदले गेले आणि पुढे त्यांची छायाचित्रेही काढली गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे सांभाळली आहेत, आणि तेथील मराठी माणूस त्यांच्या आधारे आपले मूळ गाव शोधू शकतो. मागे राहिलेल्या त्याच्या भावाची मात्र कोठे ओळही नसते. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या, त्यांची अवस्था याहून विपरीत. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांना कुंपणाच्या वसाहतींत कोंडले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पण त्या घराण्यांतील नातवंडांना आजोबांचे नाव पाहावयाचे असेल, तर पोलिसांच्या हजेरीपटाखेरीज दुसरा कागद क्वचितच मिळतो.

आणि नेमका त्यांच्याकडेच आज कागद मागितला जातो. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदींच्या शोधासाठी समिती नेमली गेली, तेव्हापासून तर गावोगावची जुनी दप्तरे सोडली गेली आणि मोडी वाचकाला कधी नव्हती एवढी किंमत आली. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूत मला शिरावयाचे नाही. पण वंशावळ ही काही कुटुंबांच्या दृष्टीने हौस राहिलेली नाही, मुलाच्या कॉलेजातील प्रवेश तिच्यावर अवलंबून असतो, हे मी टेबलाच्या या बाजूने रोज पाहतो. कागदावर निराळ्या शाईने एक अक्षर वाढवण्याचा मोह अशा वेळी होतो. तो नवा नाही. वतनाच्या कज्ज्यांत बनावट महजर पूर्वीही पुढे येत. फरक एवढाच, की अशा एका खाडाखोडीने त्या पानावरील इतर सगळ्या घराण्यांचा पुरावाही संशयित होतो.

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराचा आधार या कामी फार घेतात. जात आणि गाव यांपुरता तो घ्यावा, जन्मतारखेपुरता जपून. १ जून ही तारीख दिसली, की ती मास्तरांनी शाळेच्या सोयीने दिलेली आहे असे खुशाल समजावे. आपल्या राष्ट्रीय जनगणनेत मात्र पूर्वजांचा शोध करावयास जाऊ नये. इंग्लंडात शंभर वर्षांनी तिची पाने खुली होतात. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने व्यक्तीची माहिती गोपनीय आहे.

वंशावळ मांडताना मुलींची नावे गाळण्याचा प्रघात आता सोडावा. जुन्या वंशवृक्षांत फांद्या सगळ्या पुरुषांच्या. मुलगी लग्न होऊन गेली की कागदावरून पुसली जाई, आणि सून आली तर तिचे माहेरचे नाव कोणी लिहीत नसे. परिणामी निम्मे घराणे अनामिक राहिले. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी नोंदीत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम ठरला. त्याआधीच्या स्त्रियांची माहेरची नावे फेरफारात सापडत नाहीत. ती सुतकाची माहिती सांगणाऱ्या त्या म्हातारीलाच विचारावी लागतात.

जमवलेले सारे एका वहीत उतरवावे आणि प्रत्येक नावापुढे ते कोठून मिळाले ते लिहावे. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ असे स्पष्ट लिहावे. जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे माणसांची नावे मऊ पेन्सिलीने लिहावीत. मूळ कागदांवर प्लास्टिक चढवू नये, त्याने ते कुजतात. वहीची एक नक्कल भाऊबंदांच्या दुसऱ्या घरी, शक्य तर दुसऱ्या गावी ठेवावी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा पुण्यातील नदीकाठच्या वाड्यांतून जे कागद वाहून गेले, त्यांच्या नकला कोणी केलेल्या नव्हत्या.